मदत हवी आहे: मिस्टरांना नोकरी सोडा म्हणतायत, सोमवारी सही द्यायचीय

रानजाई
नमस्कार, घाईत लिहितेय. मिस्टरांचा फेब्रुवारीत ॲक्सिडेंट झाला, डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता जखम भरलीय, कुबड्या घेऊन चालतात, रजा सगळी संपली. काल ऑफिसला गेले तर साहेबांनी बसासुद्धा म्हटलं नाही, उभ्या उभ्याच सांगितलं तुम्ही आता अनफिट, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या म्हणजे पेन्शन तरी सुरळीत होईल नाहीतर तेही अडकेल. अर्ज टाइप करून ठेवलेला, फक्त सही बाकी. करावी का सही? प्लीज लवकर सांगा, मुलगा बारावीला आहे.

कोकणकडा
ऑफिस म्हणजे कुठलं? सरकारी की प्रायव्हेट? काम काय करतात? अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलंय का?

भाऊसाहेब_६२
आमदारांना गाठा. आमच्या मेव्हण्याचं काम एका फोनवर झालं. कोर्टकचेरीच्या नादाला लागू नका.

कोकणकडा
मेव्हण्याचं काय काम होतं?

भाऊसाहेब_६२
बदलीचं.

सायकलवाला
जयपूर फूट बसवून घ्या. माझे काका त्यावर सायकल चालवतात, शेतात जातात. गुडघ्याच्या किती खाली कापलाय?

रानजाई
पायाचं नंतर बघू हो, मी नोकरीचं विचारतेय. नगरपालिकेत आहेत, पर्मनंट, १९ वर्षं झाली, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. मला वाटलं लिहिलंय. सर्टिफिकेट ६० टक्क्यांचं आहे.

निवृत्त_हेडक्लार्क
वहिनी, सही अजिबात करू नका. मी आस्थापना विभागात आयुष्य घासलंय, हे तयार अर्ज आम्हीच टाइप करायचो. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २० चं पोटकलम ४ काढून वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, आणि नगरपालिका त्यात येते. गाडी चालवणं जमत नसेल तर दुसरं काम द्यायचं, वेतनश्रेणी तीच, लाभ तेच. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचं पद करून त्यावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत नाहीतर रिटायर होईपर्यंत. म्हणून तर त्यांना तुमची सही हवीय. "स्वेच्छेने" लिहून दिलंत की त्यांनी काढलं असं होतच नाही.

भाऊसाहेब_६२
ॲक्सिडेंट ड्यूटीवर झाला का? नसेल तर काही मिळणार नाही.

काळाकोट
चूक. कलमात "सेवेत असताना" आहे, "ड्यूटीवर असताना" नाही. सुट्टीत बाइकवरून पडला तरी लागू. हे संरक्षण १९९५ च्या कायद्यातही होतं, कलम ४७. त्यावरची कुणाल सिंग केस बघा, २००३, सुप्रीम कोर्ट. शिपायाचा पाय कापला, अनफिट ठरवून रुग्णता पेन्शन देऊन घरी बसवलं होतं. कोर्ट म्हणालं पेन्शन दिली म्हणून हे संरक्षण जात नाही. साहेब तुम्हाला पेन्शनचीच भीती घालतायत ना?

निवृत्त_हेडक्लार्क
सोमवारी साधा अर्ज द्या, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, कलम २०(४) प्रमाणे पर्यायी पद द्या म्हणून. सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स. आवक बारनिशीत (आलेल्या पत्रांच्या रजिस्टरात) नोंद करून दुसऱ्या कॉपीवर शिक्का घ्या. दाद नाही दिली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार.

काळाकोट
आयुक्त शिफारस करतात हो, हुकूम नाही. शेवटी हायकोर्टच.

निवृत्त_हेडक्लार्क
तिथून पत्र आलं की मुख्याधिकारी कसे हलतात ते मी पाहिलंय वकीलसाहेब. तुमची फी कोण देणार?

काळाकोट
फी लागतच नाही. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांग व्यक्तीला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हायकोर्टाचीही अशीच समिती आहे.

सायकलवाला
एसटीत ७५ टक्के सवलत पण मिळते, काढली का?

मीच_ती
सगळे "अपंगत्व" काय लिहिताय, दिव्यांग म्हणा.

निवृत्त_हेडक्लार्क
ताई मी स्वतः कानाने अधू आहे, मला चालतं. वेगळा धागा काढा.

रानजाई
अर्ज दिला. आवकच्या बाई शिक्का मारेनात, साहेबांना विचारून या म्हणाल्या. मिस्टर तिथल्याच बाकावर बसून राहिले, म्हणाले शिक्का मिळाल्याशिवाय उठत नाही. पाऊण तासाने मारला. तो निवृत्तीचा अर्ज सही न करताच परत आणलाय. तो फाडू की ठेवू?

काळाकोट
ठेवा! अर्ज त्यांनीच टाइप केला याचा तोच पुरावा.

सायकलवाला
किती खाली कापलाय ते राहिलंच सांगायचं.