आईच्या साड्या वाटाव्यात की ठेवाव्यात?
‘वर्षश्राद्धाच्या आत आईच्या साड्या वाटून मोकळं व्हावं, कपाट उघडलं की जीव तुटतो’ हे मत वाचलं, ते अर्धंच पटलं. नेसण्याजोग्या साड्या जरूर द्या. जुनी इरकलं मात्र ठेवा. आमच्या आईच्या इरकलांची आम्ही खानापूरकडच्या एका मावशींकडून वाकळ (गोधडी) शिवून घेतली. इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी असेल तर दोन्ही धुतल्यावर सारखं आटत नाही, म्हणून मावशींनी लाल-पांढऱ्या टोपतेणीचे, म्हणजे इरकलीच्या खास नक्षीचे, पदर आधीच कापून बाजूला काढले. ते नातींनी वाटून घेतले (भांडण झालंच, पण थोडक्यात मिटलं).

एका साडीवर, कमरेला आई पानसुपारीची चंची खोचायची तिथं, काताचा डाग होता. मावशी तेवढा तुकडा टाकून देणार होत्या. आप्पा एरवी घरातल्या कुठल्याच गोष्टीत लक्ष घालत नाहीत, पण त्या दिवशी खुर्चीतून उठून आले आणि म्हणाले, “तो वरच्या थराला लाव गं बाई.” शिवून घेणार असाल तर मशीनची घाई नको, हाताचा धावदोराच घालायला सांगा. विरलेलं सूत मशीनखाली फाटतं. आणि धुवायला रिठा वापरा.