परकी भाषा अंगात भिनलीय हे तुम्हाला कशावरून कळलं?

दिवाळीची आवराआवर चाललीय, मिठाचा जुना डबा घासायला काढला तर बाजूला कागदाचा चिटोरा चिकटलेला, अर्धा उडालेला. हिरव्या स्केचपेननं लिहिलंय 'दास झाल्त्स'. २००९ ला मी जर्मन शिकत होते तेव्हाचा. पुल्लिंग निळं, स्त्रीलिंग लाल, नपुंसक हिरवं, असे चिटोरे अख्ख्या स्वयंपाकघरात लावले होते. आई आधी कावली, मग तिलाच गोडी लागली. मीठ आपल्याकडे ते, तिकडेही ते. तांदूळ इकडेही तो तिकडेही तो. मग साखर तिकडे 'तो' कशी काय, यावरून तिनं मला दोन दिवस धारेवर धरलं. मी काय सांगणार, जर्मनांनी मला विचारून थोडंच ठरवलंय. आईला जाऊन चार वर्षं झाली. डबा घासला पण चिटोऱ्याला पाणी लागू दिलं नाही. तुमच्या घरातलं असलं काही असेल तर लिहा ना.

—

कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. मी पोळ्या जपानीत मोजते, इचिमाई, निमाई, सानमाई. सपाट वस्तूंना 'माई' लावायचं आणि लांबट वस्तूंना 'होन', त्यामुळे शेवग्याच्या शेंगा इप्पोन, निहोन, सानबोन. एकदा भाजीवाल्या मावशींना 'रोप्पोन द्या' म्हणून गेले, त्यांनी माझ्या बोटांकडे बघून बरोब्बर सहा शेंगा दिल्या. आता लेक सहा वर्षांचा आहे तो विचारतो, आई चकली कशात मोजायची, ती गोल पण आहे आणि लांब पण. सेन्सेईंना, म्हणजे आमच्या जपानीच्या बाईंना, विचारून सांगते म्हटलंय. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानीची एन४ पातळीची परीक्षा आहे, तोवर इथे कमी येईन. शिट्टी झाली.

—

चकली उलगडून मोजली तर होन :)
बाय द वे भाजणीची करता का तांदळाची? माझ्या यंदा मऊ पडतायत.

—

मऊ म्हणजे तेल तापलं नसेल, किंवा बुडबुडे थांबायच्या आत काढताय.

—

धागाकर्त्या ताई, आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी पण जर्मनच. सरांनी तोंडी परीक्षेला 'हाल्ब फिअर'ला बोलावलं. फिअर म्हणजे चार, हाल्ब म्हणजे अर्धा, म्हणून मी साडेचारला हजर. त्यांचा हिशोब चारला अर्धा तास कमी, म्हणजे साडेतीन! तासभर उशीर होऊनही सर थांबले होते, आणि दारातच मराठीत म्हणाले, अरे एकोणीस म्हणजे वीसला एक कमी ना, तसंच हे. पुन्हा कधी चुकलो नाही. एकवीस पण त्यांच्याकडे आपल्यासारखंच, एक आधी आणि वीस नंतर. आता घरी हाल्ब फिअरला चहा असतो, आणि बायको बरोब्बर साडेतीनला ठेवते.

—

आमच्या क्लासात मुलगी म्हणजे 'दास मेडशेन', नपुंसकलिंगी, हे ऐकून सगळे हसले. मी आणि सावंतवाडीची मैत्रीण एकमेकींकडे बघत राहिलो, यात हसण्यासारखं काय? आमच्याकडे 'तां चेडू खंय गेलां' असंच म्हणतात. आज्जीनं मला कायम तसंच हाकारलंय. सध्या पोर्तुगीज चालू आहे, तिथे बटाटा, काजू, अननस, पाव, चावी असे सगळे घरचेच भेटतात. पगार हे तर तिकडे क्रियापद आहे, पैसे देणे. महिन्याच्या एक तारखेला मेसेज आला की माझं सुरू, पागु, पागश, पागा. ऑफिसात आता तिघंजण माझ्याबरोबर म्हणतात.

—

फारसी. वडिलांबरोबर सातबारा आणायला गेलो होतो. जमीन, खातेदार, जमाबंदी, एकेक शब्द वाचून मला आनंद आवरेना. 'दार' हा 'दाश्तन'मधून येतो, म्हणजे बाळगणे, मग हवालदार, दुकानदार, जमादार, रांगेत उभ्या उभ्या मी वडिलांना सगळे उलगडून सांगितले. मागचे आजोबा म्हणाले मग देणेदाराचं पण सांगा, आमच्याकडे तेच जास्त आहेत. 😄

—

नातवाच्या फोनवरून लिहिते आहे, वय ७१. लग्नाआधी मी रशियन शिकत होते. मीर, प्रोग्रेस या रशियन प्रकाशनांची पुस्तकं प्रदर्शनात मिळायची, स्वस्त आणि कागद किती चांगला. लग्न झालं, क्लास सुटला. मग भाकरीचं पीठ परातीत घेतलं की आधी बोटानं त्यात अक्षरं काढायची आणि मग पाणी घालायचं. एक 'झ' आहे त्यांचा, सहा पायांच्या किड्यासारखा, तो मला फार आवडायचा. सासूबाई म्हणायच्या, रांगोळी काढतेस का गं? एकदा त्यांना सांगितलं, रशियात दाराला द्वेर म्हणतात आणि अग्नीला अगोन, सगळं आपलंच आहे. त्या म्हणाल्या, मग लाव ते द्वेर, तिकडे थंडी असेल. पुढे त्या आजारी होत्या तेव्हा वारा आला की मला सांगायच्या, द्वेर लाव गं.
चुकलं असेल तर समजून घ्या, नातू अभ्यासाला बसलाय.

—

काकू काहीच चुकलेलं नाही. अजून लिहा. तो 'झ' मला पण शिकायचाय.

—

काकू 🙏 +१

—

मी कुकरवाली. सेन्सेई म्हणाल्या चकलीला 'को'. इक्को, निको, सानको. लेकाचं समाधान झालं, आता लाडवांना काय लावायचं ते विचारतोय, त्यांना पण कोच. मऊवाल्या ताई, जमल्या का?

—

जमल्या! तेलच तापलं नव्हतं. ३२ झाल्या. सान्जूनिको, बरोबर ना?