प्रतिसाद: इशिहारांचे ठिपके

रंगांधळेपणा तपासायला रंगीत ठिपक्यांत आकडा लपवायचा, ही कल्पना जपानच्या इशिहारांचीच, असं काहीजण म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. जर्मनीचे नेत्रतज्ज्ञ स्टिलिंग यांनी तसे तक्ते १९व्या शतकातच केले होते. शिनोबू इशिहारा जपानी लष्करात डॉक्टर. सैन्यभरतीसाठी चाचणी हवी म्हणून त्यांनी पहिले तक्ते स्वतःच्या हाताने जलरंगात रंगवले, तेही आकड्यांचे नाही, तर हिरागाना या जपानी लिपीतल्या अक्षरांचे! जगभर गेलेले आकडे १९१७ च्या आवृत्तीतले.

त्यातलं एक पान मला फार आवडतं. आपल्याला जिथे ८ दिसतो, तिथे लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला ३ दिसतो. माझ्या धाकट्या भावाने ठामपणे ३ सांगितला, तेव्हा तो चेष्टा करतोय असंच मला वाटलं. विशीपर्यंत घरात कुणाला पत्ताच नव्हता. निळ्या-पिवळ्यातला दोष मात्र या तक्त्यांत सापडत नाही.