मुलाची भाषा मोजता की त्याचे उच्चार?

गंगावेशीतले मास्तर
काल इथे एका पालकांनी ठासून लिहिले की, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावे म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण) झाल्यावर घरात मुलाशी हातांच्या खुणांनी, म्हणजे सांकेतिक भाषेत, बोलणे ताबडतोब बंद करावे, कारण खुणा चालू राहिल्या की मूल बोलण्याचा कंटाळा करते आणि भाषा म्हणजे अखेर तोंडावाटे येते तीच. त्याखाली अनुमोदनांची जी रांग लागली ती पाहून, कर्णबधिर मुलांना शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला गप्प बसवेना.

माझ्या वर्गातल्या एका लहानग्याने बेंदराला गल्लीत उधळलेल्या बैलाची हकिकत मला हातांनी सांगितली. एक हात बैल, दुसऱ्या हाताची दोन बोटे म्हणजे पळणारे चुलते. बैल कुठून आला, चुलते कोणत्या कट्ट्यावर चढले, हे त्याने समोरच्या हवेत जागा नेमून दाखवले आणि शेवटपर्यंत एकही जागा इकडची तिकडे होऊ दिली नाही. याला व्याकरण म्हणतात. अमेरिकन भाषाअभ्यासक विल्यम स्टोकी यांनी 1960 साली अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हापासून हा वाद निदान अभ्यासकांत तरी मिटत आला आहे. त्याच मुलाच्या तपासणी अहवालात मात्र ‘भाषिक वय दीड वर्ष’ असा शेरा आहे, कारण मोजले गेले ते केवळ त्याच्या तोंडून आलेले शब्द. ब्रिटनमध्ये 1999 साली तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक आकलन चाचणी तयार झाली. तिच्यात सांकेतिक भाषेतली चाळीस वाक्ये व्हिडिओवर दाखवतात आणि मूल योग्य चित्रावर बोट ठेवते. नकार कळतो का, एक की अनेक हे कळते का, वस्तू कुठे आहे हे कळते का, ते त्यावरून समजते. आपल्याकडे मुलाला जे येत नाही तेवढेच तपासून त्याला भाषाच नाही असे लिहून देतात, आणि पालक तो कागद घडी घालून आयुष्यभर जपतात.

इचलकरंजीची आई
मास्तर, तो पालक मीच, आणि मी लिहिलेला एकही शब्द मागे घेणार नाही. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असताना मुलीला ‘आ’ आणि ‘मा’ ऐकवण्यासाठी मी गोधड्या टांगून खोली शांत केली होती. थेरपिस्टनी खुणा बंद करा म्हटले, मी मन घट्ट करून केल्या, आणि आज ती साध्या मराठी शाळेत तिसरीत असून आजीशी फोनवर बोलते. तुमच्या चाळीस वाक्यांत तिला किती गुण पडले असते याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यापेक्षा हमीची मुदत संपल्यावर प्रोसेसरची, म्हणजे इम्प्लांटच्या बाहेरून लावायच्या यंत्राची, वायर तुटली की तिचे पैसे कोणी द्यायचे, याची चर्चा कोणीतरी सुरू करावी.

गडहिंग्लजचा हातबोल्या
मी जन्मतः कर्णबधिर आहे. माझ्या शाळेत खुणा केल्या की बोटांवर पट्टी बसत असे, आणि बाराव्या वर्षापर्यंत माझ्याजवळ धड कोणतीच भाषा नव्हती. जी मिळाली ती वसतिगृहात, दिवे मालवण्याआधी, मोठ्या मुलांच्या हातांतून. कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या इटलीतल्या मिलानच्या 1880 च्या परिषदेने वर्गातून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 ची कॅनडातल्या व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. मधली सगळी वर्षे आमच्यासारख्यांच्या वाट्याला आली. भाषा कशी शिकली जाते याच्या अभ्यासक एलिसा न्यूपोर्ट यांनी 1990 साली दाखवले की बारा वर्षांनंतर सांकेतिक भाषा शिकलेली माणसे तीस वर्षे ती वापरूनही बारीक व्याकरणात लहानपणापासून शिकलेल्यांच्या मागेच राहतात. मला ते वाचून शिकावे लागले नाही.

ताई, तुमच्या मुलीचे यश खरेच आहे. पण ज्या मुलांना बोलणेही साधले नाही आणि ज्यांच्या खुणाही काढून घेतल्या, त्यांच्या आया इथे लिहायला येत नाहीत.

ध्वनिवेध
श्रवणतज्ज्ञ म्हणून दोन आक्षेप नोंदवतो. इम्प्लांटचे मॅपिंग, म्हणजे मुलाला सोसेल तशी आवाजाची जुळणी, नीट झाले की नाही हे कळायला ऐकण्या-बोलण्याची तपासणी लागतेच. तिला अन्याय ठरवू नका. दुसरे, सांकेतिक भाषेच्या चाचणीचे मानक, म्हणजे कोणत्या वयाला किती गुण अपेक्षित, हे कोणत्या मुलांवरून ठरवणार? बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. कर्णबधिर आईवडिलांच्या मुलांवरून माप काढले, तर उरलेली जवळपास सगळी मुले मागास ठरतील. शिवाय खुणा कोणत्या वापरणार? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या खुणांच्या कोशात 2018 मध्ये तीन हजार नोंदी होत्या, 2021 मध्ये त्या दहा हजारांवर गेल्या. त्यांतल्या किती खुणा आमच्या मुलांच्या हातांत आहेत?

कागलचा स्पष्टवक्ता
अगदी हेच मी कधीपासून सांगतो आहे. दिल्लीत बसून ठरवलेल्या खुणा आमच्या पोरांवर लादायच्या आणि त्या आल्या नाहीत म्हणून नापास करायचे, हा नवा जुलूम होईल. कोल्हापूरच्या खुणा कोल्हापूरच्याच राहिल्या पाहिजेत.

गडहिंग्लजचा हातबोल्या
आमच्या खुणांचे वकीलपत्र तुम्हाला कोणी दिले? तुम्हाला त्यांतल्या किती येतात? मुंबईचा किंवा इंदूरचा कर्णबधिर भेटला तर काही खुणा वेगळ्या निघतात, पण आम्ही थोड्याच वेळात एकमेकांशी गप्पा मारतो, कारण प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येणे, नकार शेवटी येणे, भुवयांचे काम, हे सगळीकडे सारखेच असते. अभिमान तुमचा, आणि त्यापायी चाचणी अडणार आमच्या मुलांची.

कागलचा स्पष्टवक्ता
आपुलकीने बोलणाऱ्याला असे झिडकारणार असाल, तर चालू द्या तुमचे.

गंगावेशीतले मास्तर
खुणांतल्या फरकावर ब्रिटनने उपाय काढलेला आहे. तिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या खुणांसाठी चाचणीची वेगवेगळी रूपे केली, आणि वाक्ये दाखवण्याआधी चाचणीतल्या वस्तूंची चित्रे दाखवून मूल कोणती खूण करते ते पाहिले जाते. मानकाबद्दल ध्वनिवेध सरांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तरीही मला विचाराल तर बहुसंख्य मुले मागे दिसली तर दिसू द्यावीत, कारण ती मागेच आहेत. त्यांना वेळेवर कोणतीच भाषा मिळालेली नाही, आणि हे कागदावर आल्याशिवाय कोणी हलणार नाही.

ध्वनिवेध
आणि ही चाचणी घेणार कोण? माझ्या व्यवसायातल्या किती जणांना खुणा येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गडहिंग्लजचा हातबोल्या
आम्हाला येतात. आम्हाला नेमा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषेचे नाव घेतले आहे, ते फक्त वाचून दाखवण्यासाठी नसावे.

इचलकरंजीची आई
अंघोळीला आणि झोपताना प्रोसेसर काढावा लागतो, तेव्हा मुलगी माझ्याशी हातांनीच बोलते आणि मीही हातांनीच उत्तर देते, हे मास्तरांना खूश करण्यासाठी नव्हे तर खरे आहे म्हणून सांगते. तुमची चाचणी आलीच, तर खुणांचे गुण वेगळ्या रकान्यात लिहा. ते पाहून तिची स्पीच थेरपी कोणी कमी केली, तर मी तो कागद तिथेच फाडीन.