प्रति: लसीकरण ९० टक्के झालं, मग रुबेलाचे रुग्ण कशाला मोजायचे?

हे ९० टक्के कोणत्या वयाचे, ते आधी बघा. आकडा बहुधा यंदाच्या बाळांचा असतो. खरा धोका आहे तो गरोदरपणाच्या वयातल्या बायकांना, कारण रुबेला हा पुरळाचा विषाणूजन्य आजार गरोदरपणी झाला तर पोटातल्या बाळाला इजा होते. लस अर्धवट पोहोचली की विषाणूचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. मग बालपणी संसर्ग न झालेल्या आणि लसही न मिळालेल्या मुली तशाच मोठ्या होतात. ग्रीसमध्ये १९७५च्या सुमारास लस सुरू झाली, १९८०च्या दशकात व्याप्ती ५० टक्क्यांखालीच राहिली, आणि १९९३च्या साथीनंतर जन्मजात रुबेलाची (आईच्या पोटातच संसर्ग झालेली) २५ बाळं नोंदली गेली. म्हणून वयोगटानुसार आयजीजी (रक्तात टिकून राहणारी, संरक्षण देणारी प्रतिपिंडं) सर्वेक्षण हवंच. (त्यातून प्रतिकारशक्ती लसीची की आजाराची ते कळत नाही, पण पोकळी कुठे आहे ते दिसतं.)

रुग्णनोंदणीतही एक गोची आहे. पुरळ उठल्याच्या दिवशीच रक्त घेतलं तर जवळपास निम्म्या रुग्णांत आयजीएम (नुकत्याच झालेल्या संसर्गाची खूण असलेली प्रतिपिंडं) निगेटिव्ह येतं. पहिल्या पाच दिवसांतला नमुना निगेटिव्ह आला तर पाचव्या दिवसानंतर दुसरा घ्यावा, नाहीतर रुग्ण ‘रुबेला नाही’ म्हणून यादीतून गळतो. शिवाय बऱ्याच जणांना पुरळ उठतच नाही, त्यामुळे जन्मजात रुबेलाच्या खुणा म्हणून नवजात बाळांतल्या मोतीबिंदूची आणि बहिरेपणाची वेगळी नोंद ठेवावीच लागते.