सीटीत कॉम्प्युटरने फुप्फुसात रक्ताच्या दोन गुठळ्या दाखवल्या, डॉक्टर म्हणतात एकच आहे

सिंहगडरोडकर_ताई: बाबांचं (६८) गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेत, परवा रात्री अचानक धाप लागली, छातीत टोचायला लागलं म्हणून तसंच हॉस्पिटलला नेलं, डी-डायमर (गुठळीचा संशय दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं निघालं मग लगेच सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन केला. तिथल्या सॉफ्टवेअरने फुप्फुसात दोन ठिकाणी खुणा केल्यात. रेडिओलॉजिस्ट म्हणाले उजवीकडची गुठळी खरी, डावीकडे नुसती लिम्फ नोड (शरीरात असतेच ती छोटी लसिका गाठ) आहे. आता मला हेच कळेना, एक खूण चुकली तर दुसरी तरी बरोबर कशावरून? हेपरिन (रक्त पातळ करायचं औषध) सुरू केलंय, पायाला टाके अजून ताजे आहेत, जीव नुसता खालीवर होतोय.

रेडिओ_रेसिडेंट: ताई, आधी बाबा कसे आहेत? ऑक्सिजन लागतोय का? हे बघा, डाय (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) सोडल्यावर रक्तवाहिनी पांढरीशुभ्र दिसते आणि गुठळी असते तिथे डाय पोचत नाही म्हणून काळपट डाग दिसतो, सॉफ्टवेअर तोच डाग शोधतं. पण लिम्फ नोड वाहिनीला अगदी चिकटून असतात, शिरांमध्ये डाय नीट मिसळलेला नसतो, पेशंटचा श्वास हलतो, या सगळ्यावर ते फसतं. आम्ही शेकडो स्लाइस (स्कॅनचे पातळ काप) वरखाली फिरवून बघतो की डाग वाहिनीच्या आत आहे का भिंतीच्या बाहेर. मुद्दाम थोडं जास्तच संशयी ठेवलेलं असतं ते, एखादी जादा खूण पुसता येते, सुटलेली गुठळी महागात पडते. म्हणजे उजवीकडची गुठळी डॉक्टरांनी डोळ्यांनी बघून ठरवलीय, मशीनच्या भरवशावर नाही.

सीटी_टेक्निशियन_हडपसर: बरोबर. त्यात धाप लागलेल्या माणसाला श्वास धरा म्हणणं किती अवघड असतं ते आम्ही रोज बघतो, आणि डायचं टायमिंग जरा चुकलं की सगळंच करडं दिसतं मग सॉफ्टवेअर कुठेही खुणा करतं.

हिंजवडी_कोडर: मी याच प्रकारच्या मॉडेलवर काम करतो. २०२० मध्ये आरएसएनएने (उत्तर अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टची संघटना) यासाठी स्पर्धा घेतली होती, पाच देशांतले १२,००० च्या वर सीटी त्यात होते आणि कुठे गुठळी आहे कुठे नाही हे रेडिओलॉजिस्टनीच बघून लिहिलं होतं, म्हणजे मशीन शिकतंय तेच मुळी डॉक्टरांकडून. माझ्या मते याचा खरा उपयोग रात्री होतो, पन्नास स्कॅन वेटिंगला असताना संशयाचा स्कॅन रांगेत पुढे येतो. आणि एक, मशीनने काहीच दाखवलं नाही तरी निर्धास्त राहू नये, बारीक फांद्यांतल्या गुठळ्या त्याच्याकडून सुटतात.

रेडिओ_रेसिडेंट: +१. ताई, टाक्यांचं म्हणाल तर ऑर्थोच्या डॉक्टरांना आज परत जखम बघायला सांगा, गुडघा जास्त सुजला किंवा पट्टी भिजली तर लगेच सिस्टरना सांगा. हेपरिन मात्र स्वतःहून थांबवायला सांगू नका.

सिंहगडरोडकर_ताई: सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच डॉक्टरांना विनंती केली तर त्यांनी स्क्रीनवर फिरवून दाखवलं, उजवीकडे पांढऱ्या नळीत मधोमध काळा ठिपका, मलासुद्धा दिसला. ऑक्सिजन कालपेक्षा कमी लागतोय. ऑर्थोवाले सातला येणारेत.