'मेंदूची लवचिकता' हा शब्द बरोबर आहे का?

पऱ्हाटी: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विज्ञान शिकवते. परवा आठवीला स्पर्शाची वाट सांगत होते. बोटाच्या टोकापासून मज्जारज्जू, तिथून वर मेंदूच्या बुडाशी, तिथं डावं-उजवं बदलतं, मग मेंदूच्या आतलं थॅलॅमस नावाचं ठाणं आणि शेवटी मेंदूचा वरचा पदर. इथवर गाडी नीट चालली. पुढं 'न्यूरोप्लास्टिसिटी' आली, म्हणजे अनुभवाप्रमाणं मेंदूची घडण बदलत जाते ती, आणि फळ्यावर 'लवचिकता' लिहिलं, कारण पेपरात तेच छापून येतं. मागच्या बाकावरून प्रश्न: "मॅडम, म्हंजे ओल्या फोकासारखं? वाकवला का पुन्हा सरळ?" नाही म्हटलं आणि तिथंच अडकले. शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर: पोरगा हुशार आहे. लवचिक वस्तू सोडली की पूर्वीसारखी होते. इथं नेमकं उलट. पोळ्याला मातीचे बैल करतो ना, शिंग जसं वळवलं तसं राहतं, ते हे. 'घडणशीलता' म्हणा.

धुऱ्यावरचा: ताई, 'घडणशीलता' पेपर लिहायला ठीक, पण समजवायला आपला 'धुरा' घ्या. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रोग्यांच्या मेंदूला बारीक विजेचा स्पर्श करून नकाशा मांडला. इथं लावलं की अंगठ्याला जाणवतं, तिथं लावलं की ओठाला. शेजारची बोटं नकाशातही शेजारीच. पण वाटणी अंगाच्या आकाराप्रमाणं नाही. एवढी मोठी पाठ, तिच्या वाट्याला टीचभर. ओठ आणि बोटांना मात्र काळ्या कसदार जमिनीचे मोठे तुकडे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, बोंडाची सुकलेली टोकं पाठीला किती कळतात अन् बोटाला किती.

आता धुरा. मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडाचं मधलं बोट काढलं. १९८४ ला छापलेलं काम आहे. काही महिन्यांनी पाहिलं तर त्या बोटाच्या जागेतले पेशी शेजारच्या बोटांना शिवलं की जागे होत होते. म्हणजे वावर पडीक पडलं अन् शेजाऱ्यानं धुरा कोरत कोरत वखर आत घातला. आमच्या गावात अर्धी भांडणं ह्याच गोष्टीवरून होतात, पोरांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

उंबरठा: मी साताऱ्याची. आमच्याकडे 'धुरा' म्हटलं की 'पक्षाची धुरा', 'संसाराची धुरा'. वाचताना दोनदा थांबले. तुम्ही बांधाबद्दल बोलताय का?

धुऱ्यावरचा: हो ताई, तुमचा बांध तोच आमचा धुरा. धुऱ्यावर बोरी-बाभळी असतात, धुऱ्यावर बसून न्याहारी होते. खांद्यावर घ्यायची ती धुरा वेगळी, तिचं लिंगही वेगळं: ती धुरा, तो धुरा.

बोरूबहाद्दर: लिंगाचा मुद्दा झकास. एक भर घालतो. उंदराच्या प्रत्येक मिशीला मेंदूत आपापली गोल जागा असते. वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी १९७० मध्ये ती दाखवली आणि नाव दिलं 'बॅरल'. पिंप म्हणण्यापेक्षा मला 'कणगी' आवडेल. जन्मल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत मिशीचं मूळ जाळलं तर तिची कणगी नीट उभीच राहत नाही, शेजारच्या मोठ्या होतात. तेच उशिरा केलं तर कणग्या जागच्या जागी. ह्या मोजक्या दिवसांना 'निर्णायक काळ' म्हणतात. पेरणीला जमीन नेमकी जोगती असते तो 'वाफसा' का म्हणू नये?

पऱ्हाटी: वाफसा! हे घेतलं. पण 'धुरा'वर एक शंका. आमच्या मामांचं मधलं बोट कडबाकुट्टीत गेलं, वीस वर्षं झाली. अजून थंडीत म्हणतात, "बोटच नाही, त खाजते कायले?" वावर शेजाऱ्यानं पूर्ण वाहिलं असेल तर खाजवतं कोण?

हळदकुंडा: फिजिओथेरपी करते, म्हणून बोलते. मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांचे काही रोगी असे होते की गालाला बोट लावलं की नसलेल्या हाताला लागल्यासारखं वाटे. मेंदूच्या नकाशात चेहरा हाताच्या लगत आहे. म्हणजे शेजारी आत आला तरी जमीन स्वतःला 'हात'च समजते. २०१३ मध्ये टॅमर मेकिन यांच्या गटानं हात गमावलेल्यांना तो नसलेला हात मनानं हलवायला सांगितलं, तर मेंदूतली जुनी जागा चांगली जिवंत निघाली. सगळा धुरा मोडतो असं पोरांना सांगू नका. किती सरकतो, ह्यावर जाणकारांत अजून वाद आहे. आणि 'पडीक' तर अजिबात नको.

पऱ्हाटी: काल रात्री मामांना हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, उरलेली बोटं पाहिली अन् म्हणाले, "म्हंजे वाहो कोनीबी, सातबारा त्याच्याच नावानं हाये म्हना." 'घडणशीलता' फळ्यावर लिहीन. 'पडीक' पुसते. सातबारा मात्र ठेवते.